सी-स्कीममध्ये राहिलेला आवाज

आमच्या कीर्तीला कुणी विचारलं, की तू काय काम करतेस, तर ती सांगायची, "ऐकते." समोरचा गोंधळायचा आणि मग मला मधे पडावं लागायचं. सुनेची नोकरी सासूनं समजावून सांगायची, असलं आमचं घर. तर सांगते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचं काय दुखतंय, काय औषध दिलंय, ते सगळं यंत्रात बोलून ठेवतात. तो आवाज जयपूरला येतो. सी-स्कीम नावाच्या भागात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा बायका कानाला हेडफोन लावून तो ऐकतात आणि टाइप करून परत धाडतात. त्यातला एक डॉक्टर म्हणे तोंडात घास घेऊनच बोलायचा, आणि तो एकट्या कीर्तीलाच कळायचा. मी म्हटलं, सासऱ्यांच्या पंक्तीला इतकी वर्षं जेवतेस, कान तयार झालेत तुझे.

सासरे म्हणजे आमचे हे. रेल्वेतून रिटायर झालेले. मी ह्यांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, पण तेव्हा बाहेर बँड एवढा वाजत होता की ह्यांना ते ऐकूच गेलं नाही. तेव्हापासून "अहो" वर भागलंय.

कीर्ती मिरजेची, आम्ही वाईचे. माझा मुलगा निमिष विमा कंपनीत अधिकारी, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी नवं गाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आणि कीर्ती कुठल्याच गावात स्वस्थ बसली नाही. झाशीला शाळेत शिकवलं, भोपाळला वाचनालय सांभाळलं, सुरतेला एका वकिलाचं ऑफिस असं लावून दिलं की तो वकील आम्ही निघालो तेव्हा रडायचा बाकी होता. प्रत्येक ठिकाणी तिचं जरा बस्तान बसलं की निमिषची ऑर्डर यायची. नवऱ्याची बदली होते, बायकोची नोकरी सुटते. माझंही तेच झालं होतं. मी शिवणाच्या वर्गात शिकवायचे, तेही असंच सोडलं. पण आमच्या वेळी त्याला दुःख म्हणायची पद्धत नव्हती. सामान बांधायचं आणि निघायचं.

जयपूरला आलो तेव्हा कीर्ती अडतिसाची होती. म्हणाली, आई, आता नको, आता घरीच बसते. पण पेपरातली जाहिरात बघून गेली आणि हे ऐकण्याचं काम तिला असं काही लागलं की विचारू नका. बनी पार्कातल्या आमच्या घरून रोज सकाळी स्कूटी काढून जायची, ती गाणं गुणगुणत परत यायची. दोन वर्षांत ती नव्या मुलींना शिकवायला लागली. तिच्या टेबलावर दोन स्पीकर ठेवले होते. डॉक्टरचा आवाज मोठ्यानं लावून मुलींना विचारायची, बोला, काय ऐकलंत. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती, खोटं कशाला बोलू.

आणि दोन हजार सहाच्या मे महिन्यात निमिषची रायपूरची ऑर्डर आली.

त्या संध्याकाळी कीर्ती पोळ्या लाटत होती. पोळ्या मात्र नकाशासारख्या. निमिष दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला. शेवटी मीच म्हटलं, "अगं, बोल तरी."

"काय बोलू, आई? ही नोकरी नाही सोडवत मला. बाकीच्या सोडल्या. ही नाही."

मला भडभडून आलं. पण मी रागावलेच. माझं असंच आहे, वाईट वाटलं की मी चिडते. म्हटलं, "मग रडत काय बसलीस? त्या तुझ्या माथुरसाहेबांना जाऊन सांग की."

माथुरसाहेब तिचे मालक. माणूस सज्जन, पण धंदेवाला. त्यांनी हात जोडले, "कीर्तीजी, आप जाइए मत." ह्यात काय अर्थ होता? मग त्यांच्या कॉम्प्युटरवाल्यानं, परेशनं, तोड काढली. म्हणाला, घरच्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटनं ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येतो. पडदा तिकडचा, दिसतो इकडे. बाण आपण इथं हलवायचा, फाइल तिथं उघडते. तसं झालं तर बाई रायपुरात बसून सी-स्कीममधलं काम करेल. माथुरसाहेब म्हणाले, आधी बनी पार्कातून करून दाखवा. बनी पार्कातून जमलं तर रायपूरहून जमेल. सोमवारी सकाळपर्यंत वेळ. आणि शनिवारी तिच्या खुर्चीसाठी एका मुलीला मुलाखतीला बोलावलंय, तेही त्यांनी लपवलं नाही. "धंदा है, कीर्तीजी."

शुक्रवारी परेश घरी येऊन सगळं जोडून गेला. आमच्या पडद्यावर ऑफिसचा पडदा दिसला, कीर्तीनं इथं टाइप केलेलं तिथं उमटलं. तो खूश, आम्ही खूश. त्याला बहिणीच्या लग्नाला उदयपूरला जायचं होतं, तो चहा अर्धा टाकून पळाला. आवाज येतो की नाही, हे कुणी बघितलंच नाही. जिचं काम ऐकण्याचं, तिच्या घरी आवाज सोडून सगळं बघितलं.

शनिवारी सकाळी कीर्ती बसली. आता गंमत अशी, की डॉक्टरांचा आवाज घरी ऐकायला अजून परवानगी नव्हती. पेशंटच्या खाजगी गोष्टी असतात, त्याचा नियम कडक. मग तपासायला लावायचं काय? तर त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये माझे उखाणे होते.

ते तिथं कसे गेले ते ऐका. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं होतं. जयपूरच्या बँकेतल्या, रेल्वेतल्या मराठी बायका जमल्या होत्या. जयपूरला संक्रांतीला पतंगांचं वेड; घरातले पुरुष सकाळपासून गच्चीवर, आमचे हेही. बायकांनी धरलं मला, जयंतीताई, नाव घ्या. मी काय, तयारच असते. एकाला एक जोडून ऐनवेळी रचते. कीर्तीनं ऑफिसचं छोटं रेकॉर्डर आणलं होतं, तिनं ते सगळं टिपलं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं, आईंचे उखाणे सवडीनं टाइप करीन म्हणून. ती सवड काही मिळाली नव्हती.

तर तिनं ती फाइल लावली. पडद्यावर रेघ सरकायला लागली. आवाज नाही.

पुन्हा लावली. नाही.

"कूलर बंद करा," निमिष म्हणाला. तो बिचारा आदल्या दिवसापासून अपराध्यासारखा वावरत होता, जणू बदलीची ऑर्डर त्यानंच टाइप केली होती. कूलर बंद केला. जयपूरचा मे महिना, आणि आम्ही चौघं एका खोलीत घाम पुसत कान लावून बसलो. ह्यांनी पंखाही बंद केला. चिलटाचासुद्धा आवाज नाही.

कीर्तीनं परेशला फोन लावला. तिकडे सनई वाजत होती. तो ओरडून म्हणाला, "आवाज बढ़ाइए, मैडम, सब फुल कर दीजिए," आणि फोन कट झाला. मी म्हटलं, बरोबर आहे, वाढव. निमिषनं घरचे स्पीकर पूर्ण पिळले. कीर्तीनं पडद्यावरची आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली. काही नाही. मी म्हटलं, परत लाव, सुरुवातीला आवाज हळूच होता माझा. तिनं परत लावली. एकदा, दोनदा, किती वेळा देव जाणे.

कीर्तीच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, का आणखी काही, ते मी विचारलं नाही. ती हळूच म्हणाली, "राहू दे, आई. त्या मुलीची मुलाखत आत्ताच चालू असेल."

माझा जीव तुटला. पण तेवढ्यात फोन वाजला. माथुरसाहेब. कीर्तीनं फोन स्पीकरवर टाकला.

"कीर्तीजी," ते फार जपून बोलत होते, "आपके कंप्यूटर में से कोई माताजी बोल रही हैं."

आम्ही चौघं फोनवर वाकलो.

"बहुत ज़ोर से बोल रही हैं. स्क्रीन पर ताला है, हम बंद भी नहीं कर पा रहे. बीच-बीच में सब लेडीज़ हँसती हैं. नई लड़की का इंटरव्यू था, वो पूछ रही है कि यहाँ रोज़ ऐसा होता है क्या."

आणि फोनमधून, मागून, सी-स्कीममधून, माझाच आवाज आला. फाटलेला, पण माझाच.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे. आवाज पहिल्यापासून येत होता, पण तिकडे. कीर्तीनं हेडफोन घरी आणला होता, म्हणून तिच्या टेबलावरचे शिकवण्याचे स्पीकर लावलेले राहिले होते. आम्ही इथं पट्टी वाढवतोय आणि तिथं माझं हळदीकुंकू अख्ख्या मजल्याला ऐकू जातंय. मला लाज वाटली म्हणता, तर हो, वाटली. पण थोडी ऐटही वाटली.

कीर्ती मात्र ताठ बसली. "म्हणजे आवाज आहे," ती म्हणाली. "फक्त तो तिथंच राहिलाय." तिनं कनेक्शन बंद केलं, जोडायच्या खिडकीत शिरली आणि आवाजाचा रकाना शोधून काढला. तिथं तीन पर्याय होते: आवाज इकडे आणा, वाजवूच नका, किंवा तिकडच्याच कॉम्प्युटरवर राहू द्या. खूण तिसऱ्यावर होती. परेशनं घाईत काय केलं ते त्यालाच ठाऊक. तिनं खूण पहिल्यावर आणली, पुन्हा जोडलं आणि फाइल लावली.

घरचे स्पीकर निमिषनं पिळून ठेवलेलेच होते. त्यामुळे जो आवाज आला तो भिंतींना हादरवत आला. आधी बांगड्या, मग बायकांचं हसणं, मग मी:

"मांज्याला दिली ढील, पतंग गेला वर,
उमाकांतराव गच्चीवर, मोकळं माझं घर."

कीर्ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. निमिष तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कुणाला कूलर लावायचं भान नव्हतं. तोवर पुढचा उखाणा आला:

"जयपूरच्या थंडीत गारठले हात,
उमाकांतरावांना सांगते, आज तुम्हीच लावा भात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत पुढे सरकून बसले होते. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. हळदीकुंकवाला पुरुष घरात नसतात आणि लग्नात तो बँड.

"कीर्ती," हे म्हणाले, "जरा परत लाव गं."

तिनं परत लावलं. ह्यांनी पुरतं ऐकलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून विचारलं, "तांदूळ कुठल्या डब्यात असतो?"

भात कच्चा झाला होता. आम्ही तो सगळा खाल्ला.

सोमवारी कीर्तीनं कानाला हेडफोन लावला आणि माथुरसाहेबांची परवानगी घेऊन डॉक्टरांचं काम सुरू केलं. आवाज आधी तुटत होता. मग तिनं पडद्याचे रंग कमी केले, मागचं चित्र काढून टाकलं, तेव्हा तो सरळ चालायला लागला. ऑफिसात आवाज थांबवायला तिच्या पायाशी पॅडल असायचं. ते काही इंटरनेटमधून येईना, म्हणून बोटानं बटणं दाबायची. पण सवय कुठं जाते? तिचा पाय दिवसभर जमिनीवर टपटप करत राहायचा. घास खाणाऱ्या डॉक्टरचं काम तिनं दुपारपर्यंत पाठवून दिलं आणि संध्याकाळी माथुरसाहेबांचा फोन आला. "रायपुर में भी इंटरनेट तो है न?" एवढंच म्हणाले. त्या नव्या मुलीलाही त्यांनी ठेवून घेतलं, दुसऱ्या खुर्चीवर. तिला म्हणे ऑफिसचं वातावरण आवडलं.

मला आनंद झाला. आणि हेवाही वाटला, तेही सांगून टाकते. माझा शिवणाचा वर्ग असा दोरीनं बांधून नेता आला असता, तर मी केवढी बाई झाले असते. पण मग वाटलं, तिची नोकरी तरी बांधून नेता आली की, आणि तीही आपल्याच घरातून.

जूनमध्ये सामानाचा ट्रक आला. बाकीच्या गावांतून निघताना कीर्ती शेवटच्या क्षणापर्यंत दारात घोटाळायची आणि डोळे पुसत गाडीत बसायची. या वेळी कॉम्प्युटरचं खोकं मांडीवर घेऊन सगळ्यांच्या आधी बसली. म्हणाली, "आई, पोचल्यावर आधी फोनची लाइन घ्यायची, मग बाकीचं."

"आधी गॅस," मी म्हटलं. "भात कोण लावणार?"

"मी," पुढच्या सीटवरून उमाकांतराव म्हणाले.