शेवंताबाईंच्या शेतातलं भांडं

परभणीला उतरले तेव्हा थंडी होती आणि फलाटावर नुकतं कोवळं ऊन आलं होतं. मी साताऱ्याजवळ मातीची भांडी घडवते. इथल्या एका लहानशा संग्रहालयात प्राचीन थडग्यातून निघालेलं एक पात्र आहे, असं कळल्यापासून ते पाहायचं मनात होतं. स्टेशनबाहेर गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाऊन मी थेट तिकडेच निघाले.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. दुसऱ्या खोलीत, काचेच्या कपाटात ते होतं. आतून काळं, बाहेरून तांबडं, कुशीत धरता येईल एवढं. तुकडे जोडल्याच्या रेषा अंगभर दिसत होत्या. गळ्याचं वळण इतकं नाजूक, की माझी बोटं आपोआप हवेत फिरली.

"पालमकडं विहीर खोदताना निघालं," तिथलं काम पाहणाऱ्या शेख मॅडम म्हणाल्या. "लहान मुलाचं थडगं होतं. ज्यांचं शेत, त्या शेवंताबाई अजून तिथंच राहतात. भांडं जोडून झालंय हे त्यांना कळवायचं राहूनच गेलं बघा."

"मी जाऊन सांगू का?"

त्यांनी लगेच गावाचं नाव सांगितलं.

पालमच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर काळी जमीन, तुरीची शेतं, हुरड्यावर आलेली ज्वारी. बघता बघता डोळा लागला. कंडक्टरनं हलवून उठवलं. "ओ ताई, तुमचा फाटा मागं ऱ्हायला की!" उतरून उलट चालत निघाले. वाटेत एका शेतकऱ्यानं न विचारताच हातावर मूठभर हुरडा ठेवला, त्यामुळे चुकल्याचं वाईट वाटलं नाही.

शेवंताबाई अंगणात तुरी झोडपत होत्या. साठीच्या पुढच्या, उंच, हसऱ्या. "जय भीम, या," म्हणत त्यांनी सुपल्यानं ओट्यावरची धूळ झटकली. त्यांचे यजमान गंगाधरराव पाणी घेऊन आले.

"सातारहून आलाव? त्या भांड्यापायी?" शेवंताबाई थक्क झाल्या. मग आवाज उतरला. "जोडलं का वो ते?"

जोडलं म्हटल्यावर त्या खालीच बसल्या. विहिरीच्या कामात मातीच्या पाट्या त्याच वाहत होत्या. दगडांच्या गोलाखाली भांड्याचे तुकडे निघाले, शेजारी इवलीशी हाडं. "लोक म्हणायले, गंगेत (गोदावरीत) टाका, न्हाईतर घराला पीडा व्हईल. मी म्हणलं, कुणाचं तरी लेकरू हाय. कुणी हात लावायचा न्हाई." सरकारी माणसं येईपर्यंत त्या तिथं बसून राहिल्या होत्या. विहीर मग बाजूला खोदली.

"घेऊन जावा हिला भांडं बघायला," गंगाधरराव म्हणाले. "लय दिवसापासून बोलायलीय."

रात्री त्यांच्याकडंच राहिले, भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवले. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून झाल्यावर शेवंताबाईंनी उद्यासाठी ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं.

सकाळी आम्ही तिघं परभणीला आलो. कपाटापुढं शेवंताबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"आन् लेकरू कुठं हाय?"

शेख मॅडम आम्हाला पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथलं लाकडी कपाट उघडून त्यांनी पुठ्ठ्याची एक छोटी पेटी दाखवली.

"हितं कामून? (का बरं?) त्याचं भांडं तिकडं, आन् ते हितं एकटं?"

"मावशी, मला माझ्या मनानं हलवता येत नाही. वरिष्ठांना विचारावं लागतं."

"मग इचारा की. मी थांबते."

मॅडमनी फोन लावला. पलीकडून आधी नकारच आला असावा. "नाही सर, मांडायचं नाही," त्या म्हणत होत्या. "त्याच कपाटाच्या खालच्या बंद कप्प्यात. कुणाला दिसणार नाही." शेवंताबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. गंगाधरराव जमिनीकडं बघत होते. शेवटी मॅडमनी मान डोलावली आणि फोन ठेवून पेटी दोन्ही हातांनी उचलली.

भांड्याच्या बरोबर खालच्या कप्प्यात त्यांनी ती ठेवली. तळाशी मऊ कापड अंथरायला विसरल्या नाहीत. कुलूप लावलं, तेव्हा शेवंताबाईंनी हात जोडले. डोळे पुसून त्या मॅडमना म्हणाल्या, "तुमी बी लेकुरवाळ्या असाल." मॅडम हसल्या, आणि त्यांचेही डोळे भरले. मग चौघांनी बाहेर येऊन चहा घेतला. शेवंताबाई आता तुरीच्या भावाबद्दल, सुनेबद्दल, माझ्या भट्टीबद्दल मोकळेपणानं बोलत होत्या.

परतीच्या गाडीत मी विचार करत राहिले. भांड्याची भाजणी, त्याचा रंग, गळ्याचं वळण सगळं डोळ्यांत साठवलं होतं. पण ते कुणीतरी एका लेकरासाठी निवडलं होतं, आणि मध्ये किती काळ गेला तरी त्या लेकराची काळजी करणारं माणूस पालमच्या शिवारात निघालं, हे मला पुनःपुन्हा आठवत होतं.

घरी पोचल्यावर सगळे भांड्याबद्दल विचारू लागले. मी शेवंताबाईंपासून सुरुवात केली.