हुमणी

घोटावड्याकडच्या आमच्या रो-हाऊसपुढे लॉन होतं, जेमतेम दोन चटयांएवढं. लातूरसारख्या पाण्याला तरसलेल्या गावातून आलेल्या मला त्या हिरवळीचा फार अभिमान. ती राखायला जवळच्याच वाडीतल्या एक मावशी यायच्या.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि लॉनवर पिवळे डाग पडायला लागले. आठवडाभरात ते ताटाएवढे झाले. मावशी म्हणाल्या, "ताई, हुमणी लागलीया. अळी मुळं खातीया."

मी फोनवर वाचलं होतं की हे पाणी कमी पडल्याचं लक्षण. सकाळी साळुंक्यांचा थवा उतरायचा आणि डागांवर चोची मारायचा. मी टाळ्या वाजवून हाकलायचे.

"हाकलू नगा. अळ्याच येचत्यात त्या," मावशी म्हणाल्या. "गवत वडून तर बघा."

शेजारच्या दोघी कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "पाणी घालायचा कंटाळा करायचा आणि नाव अळीचं सांगायचं!"

मावशींनी पाइप गुंडाळून नळाजवळ ठेवला. "बरं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. डाग वाढतच गेले. एका रविवारी वैतागून वाळलेल्या गवताला हात घातला, तर ते सतरंजीसारखं उचलून आलं. मुळं नव्हतीच. खाली मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या अंगाचं वेटोळं करून पडलेल्या. एका वितीत नऊ-दहा.

मावशींच्या घरी गेले. सून म्हणाली, "आत्या आता म्हाळुंग्याला जात्यात, तिकडच्या सोसायटीत." तिथं जायला मी आणखी महिना लावला. कसला संकोच होता, आजही नीट सांगता येत नाही.

भेटल्या तेव्हा त्या कुंड्यांतली माती उकरत होत्या. माफीचं वाक्य मी वाटेत घोकलं होतं. तोंडातून आलं एवढंच, "मावशी, हुमणीच होती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मग? वाचलं का गवत काई?"

"नाही. सगळं गेलं."

"आरारा," त्या हळहळल्या. "लई झ्याक हुतं."

मी परत या म्हणाले. त्यांनी मान हलवली. "न्हाई ताई. हितं बरं हाय."

मग मी बाहेर येऊन परतीची रिक्षा थांबवली. माफी मागायची राहूनच गेली.