यमुनाताईंनी मोजलेली मतं

आमच्या दोन घरांमधली भिंत एकच. त्यामुळे यमुनाताईंच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते मला कळतं आणि मी नवऱ्याला काय बोलते ते त्यांना. इंग्लंडातल्या या मेडनहेडमध्ये त्या माझ्या कितीतरी आधी आल्या. नवरा लवकर गेला, लायब्ररीत नोकरी करून एकटीने अक्षयाला वाढवलं. पण मराठी मंडळात त्यांची ओळख एकच, मतमोजणी. निवडणूक कुठलीही असो, खुर्चीत यमुनाताई, समोर बिस्किटांचा चौकोनी डबा. चिठ्ठ्या मोजायच्या, निकाल वाचायचा आणि तिथल्या तिथे सगळ्या फाडून टाकायच्या. अवधूत दोन मतांनी सेक्रेटरीपद हरला तेव्हा त्याने हात जोडले होते.

"ताई, एकदा परत मोजा ना."

"मोजलं, संपलं."

पुढे वर्षभर तो माझ्याकडे येऊन कुरकुरायचा आणि मी चहा देता देता त्याला आणखी चिथवायची. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

२००८च्या ऑगस्टमध्ये अक्षयाने सॅन फ्रान्सिस्कोत लग्न केलं, नतालीशी. त्याच उन्हाळ्यात तिकडच्या कोर्टाने अशा लग्नांना मोकळीक दिली होती. यमुनाताई लग्न लावून परत आल्या त्या फोटो घेऊन थेट माझ्या किचनमध्ये. दोघींच्याही हातांत हिरवा चुडा.

"गोड दिसतायत," मी म्हटलं, "पण यातली वरमाय कोण ते आधी ठरवा, म्हणजे रुसायचं कोणी ते कळेल."

"मीच रुसते की! तिकडची आई फारच साधी आहे," म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मंडळाच्या दिवाळी अंकात अभिनंदनाचं एक पान असतं, घरोघरच्या लग्नांचं आणि बारशांचं. ताईंनी तिथे फोटो दिला. कमिटीत कुजबुज सुरू झाली. कोणी तोंड उघडण्याआधी ताईच म्हणाल्या, "सभेत मतदान घेऊ. गुप्त."

मी टेबलाखालून चिमटा काढला. "अहो, पोटच्या पोरीच्या लग्नावर कसलं मतदान?"

"नियम सगळ्यांना सारखा. आणि अगं, आपलीच माणसं आहेत. कडेवर घेऊन फिरवलंय त्यांनी हिला."

हरण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. छापावा, सत्तावीस. छापू नये, अठ्ठावीस. एक चिठ्ठी बाद.

त्या बाद चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'लग्न झालं म्हणता, मग जेवण कुठाय?' ती माझी. सरळ मत दिलं असतं तर बरोबरी झाली असती आणि नियमाप्रमाणे पुन्हा मतदान. माझं अक्षर ताईंना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे न बघता ती बाजूला ठेवली, खणखणीत आवाजात निकाल वाचला आणि सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या.  

अक्षयाला हे कधी कळलंही नसतं. पण नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच कौल दिला, अशी लग्नं नकोत. शंभरातल्या बावन्न जणांनी. सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ताई फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, त्यामुळे अक्षयाचं इंग्लंडात वाढलेलं मोडकं मराठी मलाही ऐकू आलं.

"आई, आम्ही कोर्टात जाणार. मोर्चा पण काढणार. माझा लग्न आहे का नाही, कोणालाच माहीत नाही."

"रडू नको गं. पण लोकांनी मत दिलंय ना? बहुमत मानावं लागतं. मीसुद्धा मानलंच की." आणि लेकीची समजूत घालायला म्हणून त्यांनी मंडळातलं सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"तू माझा लग्नावर व्होटिंग घेतला? स्वतः मोजला?"

"मोजणी अगदी चोख..."

फोन बंद झाला तो झालाच. दर रविवारी ताई लावायच्या, तिकडे मशीन बोलायचं. भिंतीतून मला एवढंच ऐकू यायचं, "अक्षू, मी आई." जेवण सुटलं, शिट्ट्या थांबल्या. मी डबा नेऊन दिला की तसाच परत यायचा.

डिसेंबरात त्यांनी पुन्हा सभा बोलवायचा अर्ज लिहिला. वीस सह्या हव्या होत्या. पावसात दारोदार फिरल्या, अकरा मिळाल्या. अवधूतच्या दारात मी बरोबर होते. त्याने अर्ज वाचला, घडी घालून परत दिला.

"मोजलं, संपलं. नाही का ताई?"

"अरे, माझी मुलगी बोलत नाही रे माझ्याशी."

 त्याने सही काही केली नाही. त्याला वर्षभर पढवलं होतं कोणी, ते मी काय सांगू.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्या हॉलबाहेर उभ्या राहिल्या. हातात पुठ्ठा, त्यावर 'अक्षया आणि नताली यांचं लग्न झालं आहे.' माणसं यायची, हातावर तिळगूळ ठेवायची, गोड बोला म्हणायची आणि आत जायची. माझी जीभ एरवी गावभर फिरते, पण मी मुकाट्याने पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं. नवऱ्याने फोटो काढला, मी तो अक्षयाला पाठवला. उत्तर नाही.

मेमध्ये तिकडच्या कोर्टाचा निकाल लागला. मतदारांचा कौल कायम. आधी झालेली लग्नं तेवढी शाबूत. त्या संध्याकाळी फोन वाजला.

"माझा लग्न राहिला, आई. बाकीच्यांना नाही. कोर्ट पण म्हणाला, लोकांनी व्होट केलंय. आता तू खूश?"

ताई म्हणाल्या, "नाही गं. मोजणी बरोबर होती. पण ते विचारायलाच नको होतं. माझंच चुकलं."



"मला मोर्चाला जायचंय," अक्षया म्हणाली.

"थंडी आहे का तिकडे? कोट घेतलास?" ताईंनी विचारलं, तोवर फोन ठेवलेला होता.

त्या तशाच उभ्या. "मोर्चाला जायचंय म्हणाली," मला सांगितलं. मी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं. "सुलक्षणा, मोर्चाला जायचंय म्हणाली गं." सात महिन्यांत लेकीच्या रोजच्या जगण्यातली कळलेली तेवढी एकच गोष्ट होती.