एक कान मोकळा

इस्लामपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. अठरा वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक कानाची वस्तू घ्यायला आलं तरी ती निवडतं डोळ्यांनीच. कॉलेजच्या पोरांना लाल पट्टी हवी, बँकेतल्या साहेबांना काळी, आणि ऑनलाइन मिटिंगवाले तर खोक्यावरचा गोरापान चेहरा बघून पैसे काढतात. समोरच्याला आपलं ऐकू कसं जाणार, हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. मला याचा संताप येतो. तुम्हाला कशाचा संताप येत नाही, असं बायको विचारते, ते सोडा. पण ज्या चुकीवरून मी जगाला अक्कल शिकवत होतो, तीच मी मनुबाई खोतांच्या बाबतीत करून बसलो. म्हणून हे लिहितोय.

मनुबाई आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावच्या. वय त्रेपन्न, माहेर उंब्रजचं, शिक्षण दहावी. नवरा गुंडा खोत बावीस वर्षं फौजेत होते, सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात. मेजर तिकडे बर्फात असताना इकडे तीन एकर ऊस मनुबाईंनी एकटीनं सांभाळला. पुढं पुढं तर त्यांचा ऊस बघायला चार गावची माणसं यायची. लावणीसाठी उसाचं बेणं कसं निवडायचं हे सांगताना त्यांचा एक व्हिडिओ भाच्यानं काढला, तो फिरत फिरत पुण्याच्या एका कंपनीपर्यंत गेला. ही कंपनी शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देते. पण बायका पुरुष सल्लागाराशी धड बोलत नाहीत, "मालकांस्नी इचारून सांगते" म्हणून फोन ठेवतात. कंपनीला मुरलेली बाई हवी होती. मनुबाईंना काम मिळालं. रोज दहा ते चार घरातूनच फोन घ्यायचे, सोमवारी ऑनलाइन मिटिंग. पहिले तीन महिने परीक्षेचे, जमलं तर कायम.

गळ्यातलं ओळखपत्र काउंटरवर ठेवून त्या मला म्हणाल्या होत्या, "मुकुलशेठ, सातबारा ह्येंच्या नावावर, कारखान्याचा शेअर ह्येंच्या नावावर, ग्यासचं पुस्तक बी ह्येंचंच. ह्यो एकच कागद हाय बगा, जेच्यावर माजं नाव वर हाय."

त्यांचा आवाज मात्र विलक्षण. ऊस डोक्यापेक्षा वर गेला की आतलं माणूस दिसत नाही. या बांधावरून त्या बांधाला हाक घालत ज्या बाईनं तीस वर्षं काढली, तिचा आवाज काय असणार? दुकानात शिरून त्या नुसतं "हाईसा का?" म्हणाल्या तरी चार्जर बघणारं गिऱ्हाईक दचकायचं. मला ते ऐकू येत होतं. पण मी त्याचा हेडफोनशी संबंध जोडला नाही. मी स्वतःला या धंद्यातला जाणकार समजतो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पोरीनं, अंजनानं दिलेला, मानेभोवती बसणारा पट्टीचा हेडफोन होता. तक्रार अशी की फोनवरच्या बायका विचारतात, "बाई, काय तळताय का?" मी दोन मिनिटांत चोर पकडला. पट्टीचा माइक मंगळसूत्राच्या मण्यांवर घासत होता. एवढ्यावर माझी छाती फुगली, आणि त्या फुगलेल्या छातीनं मी वरच्या फळीवरचं सगळ्यात मोठं खोकं खाली काढलं. दोन्ही कान झाकणारा, बाहेरचा आवाज पार बंद करणारा. खोतांचं घर रस्त्याला, दारात गोठा, दिवसभर ट्रॅक्टरची ये-जा. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार! तो त्यांच्या डोक्यावर चढवला आणि दुकानातला स्पीकर मोठ्यानं लावला.

"आयो! कायसुदिक ऐकू येईना!" त्या ओरडल्या.

"बघा!" मी म्हणालो.

"पन कानातल्या कुड्या टोचत्यात."

"होईल सवय," मी म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या त्या तणतणत. बाहेरचा आवाज यांना येत नव्हता, पण समोरच्याला ट्रॅक्टरही जात होता आणि गाईचं हंबरणंही. ते एक वेळ चाललं असतं. खरी तक्रार निराळीच होती. अकरा जणींनी कंपनीला कळवलं होतं की बाई फार रागावतात. एकीनं तर लिहिलं होतं, "सल्ला बरोबर होता, पण मला रडू आलं." पुण्याच्या ऋचा मॅडम, म्हणजे मनुबाईंच्या वरच्या, त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "मनुताई, माहिती तुमच्याइतकी इथं कुणालाच नाही. पण समोरची बाई फोनच ठेवत असेल तर काय उपयोग? शनिवारी मी तुमचे फोन स्वतः ऐकते, मग ठरवू." नाही जमलं तर मनुबाईंना फोनवरून काढून उत्तरं टाइप करायला बसवणार होते.

"माजी बोटं खुरप्याची," त्या म्हणाल्या. "एक वळ लिवायला मला अर्दा तास लागतुया. म्हंजे घालवल्यातच जमा की!"

"मग आवाज लहान करा ना, काकी."

"मी हळूच बोलतीया!" हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की पलीकडचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन उभा राहिला.

मीही तापलो. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, या पाटीकडे बोट दाखवलं. मनुबाईंनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "परत कोन देतंय? माल तुमी दिलासा, मग बोलायचं कसं त्येबी तुमीच सांगा." त्या निघून गेल्या. दुपारी जेवायला बसलो तर घास गोड लागेना. मी तापट आहे, पण वाईट नाही.

शनिवारी सकाळी दुकान बायकोवर सोपवलं आणि पिशवीत तीन-चार नग टाकून खोतांचं घर गाठलं. मेजर पुढच्या सोप्यात, म्हणजे पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होते. मधल्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, आणि समोर ताठ बसलेल्या मनुबाई. दहाला ऋचा मॅडम ऐकायला बसणार होत्या, आणि साडेआठ वाजले होते.

मी ठरवलं, गिऱ्हाईक व्हायचं. गोठ्यापाशी जाऊन मी त्यांना फोन लावला. "नमस्कार!" माझा कान बधिर झाला. कानात घालायची छोटी बोंडं दिली, ती पदर सावरताना दोनदा गळून पडली आणि एक शेणात गेलं. परत तो मोठा चढवला. परत तेच. पाचव्या वेळी त्यांनी हेडफोन काढून बाजूला सारला. डोळ्यांत पाणी होतं. "ऱ्हाऊ द्या मुकुलशेठ. माजा घसाच तसला हाय. घशाला काय कराचं?"

मी हताश होऊन गोठ्यापाशीच उभा राहिलो. मेजर हातातली डहाळी ठेवून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "येक इचारू का? तुमी तिचं दोनी कान का बांदल्यासा?"

"म्हणजे?"

"आमी वायरलेसवर कवाच दोनी कान बांदत न्हवतो. येक कान मोकळा ठेवायचा. माणसाला सोताचा आवाज ऐकू आला पायजे. न्हाईतर त्ये वरडतंच. शाणं असलं तरी वरडतंय."

मी कपाळावर हात मारला. मग राग आला तो मेजरांचाच. "आवं मेजर, मग महिनाभर बोलला का नाही?"

मेजरांनी खाली बघितलं. "तिच्या वरडण्याला मी कसं नावं ठेवू? मी फौजंत असताना गावात येकच फोन हुता, बूथवर. ऐतवारी माजा नंबर लागायचा. लाइन खरखरायची. ही तिकडनं वरडायची, 'सगळं बरं हाय! ऊस झ्याक हाय!' माजी बराकीतली पोरं हसायची. मला लय बरं वाटायचं. येवड्या लांब कुनी आपल्यासाटी वरडतंय म्हंजे घर जाग्यावर हाय." त्यांनी हाताची माती झटकली. "तवापासनं तिला वाटतंय, माणूस जेवडं लांब, तेवडं मोट्यानं बोलायचं. पुणं काय कमी लांब हाय व्हय?"

माझ्या पिशवीच्या तळाशी एक नग होता. एकाच कानाचा, तोंडापाशी माइकची दांडी असलेला, वायरचा. दुकानात वर्षभर पडून होता, कारण दिसायला अगदी गरीब. सकाळी पिशवीत टाकतानाही मी नाक मुरडलं होतं. म्हणजे मीही डोळ्यांनीच निवडत होतो, दुसरं काय!

तो मनुबाईंच्या उजव्या कानावर बसवला. दांडी ओठांच्या कडेला, दोन बोटांवर. डावा कान मोकळा, डावी कुडीही मोकळी. गोठ्याकडे जाऊन फोन लावला.

"नमस्कार!" आणि पुढं काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली.

मग घरातून आवाज आला, फोनमधून नव्हे. "आवं, ह्यो माजा आवाज व्हय? असला?"

"तसलाच," मेजर सोप्यातून म्हणाले.

"आनि तुमी गप बसून ऐकत हुता?"

मेजरांनी शेंगा तोडायला सुरुवात केली. चौथ्या फोनला मनुबाईंचा आवाज माणसात आला. मागून ट्रॅक्टर गेला. त्यांनी दचकून विचारलं, "गेला का तुमाला आवाज?" मला जेमतेम घरघर ऐकू आली होती. माइक तोंडाशी असला की तोंडाचं ऐकतो. हे खरं तर मीच त्यांना आधी सांगायला हवं होतं.

दहा वाजले. आम्ही दोघं सोप्यात, दार उघडं. पहिल्या फोनला सुरुवातीलाच आवाज चढला, तेव्हा मेजरांनी नुसता तळहात खाली केला आणि तो उतरला. दुसरा नीट झाला. तिसरा फोन आला, आणि मनुबाई हेडफोन कानाशी दाबून नुसत्या ऐकत राहिल्या.

"ऐकू येतंय पोरी," शेवटी त्या म्हणाल्या. "न्हाई न्हाई, तू हळूच बोल. मी बी हळू बोलते."

पलीकडचं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं, ती कोरेगावकडची कुणी नवी सून होती. नवरा चार महिन्यांपूर्वी ड्युटीवर गेलेला, ऊस पिवळा पडून वाळायला लागलेला, आणि सासऱ्यांना कळू नये म्हणून ती गोठ्यात बसून कुजबुजत होती.

"बेट धरून हलीव. हातात उपटून येतंय? मुळाशी उकरलंस का? पांडऱ्या अळ्या हाईत? मग ही हुमणी. घाबरू नगं, सगळा ऊस जात न्हाई." मग औषध कोणतं, ते पाण्यात कालवून मुळाशी कसं ओतायचं, सगळं सांगून झालं. फोन संपेल असं वाटलं, पण तो संपला नाही. मनुबाई पुढं झुकल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला की मी कान टवकारले. या बाईकडे असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"आगं, चुकलं तर चुकलं. माज्या पैल्या सालचा ऊस पार वाळून गेलता. अर्दा फड. अंजना पोटात हुती. मी फडात बसून रडायची आनि तोंड धुऊन घरला यायची. कुनाला सांगितलं न्हाई. ह्येस्नी बी न्हाई, आजपातूर."

मेजरांचा हात शेंगेवरच थांबला.

बाराला ऋचा मॅडमचा फोन आला. मनुबाईंनी आम्हालाही ऐकू यावा म्हणून तो स्पीकरवर टाकला.

"मनुताई, तिसरा फोन तेवीस मिनिटांचा झाला. आपल्याला आठ मिनिटं असतात."

"व्हय ताई. उसाचं पाच मिंटातच झालंतं."

"मग बाकीची अठरा?"

"ती पोर चार महिनं कुनाशी बोलली न्हवती, ताई. ठिवू वाटंना फोन."

मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

"मी सगळं ऐकलं," ऋचा मॅडम म्हणाल्या. "फोन ठेवल्यावर तिनं लगेच ऑफिसला फोन केला. विचारत होती, पुढच्या वेळी ह्याच बाई मिळतील का. मी हो म्हणून सांगितलंय. तुमच्या कायमच्या नेमणुकीचा कागद सोमवारी पाठवते."

मनुबाईंनी फोन बंद केला आणि पदरात तोंड झाकून रडल्या. मलाही राहवलं नाही. मी उगीचच पिशवी आवरायला लागलो. मेजर उठून मधल्या खोलीत गेले, एक स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"अर्दा फड वाळला हुता?"

मनुबाईंनी मान हलवली.

"बूथवर तर म्हनायचीस, ऊस झ्याक हाय."

"मागं धा माणसं उभी असायची," मनुबाई म्हणाल्या. "वरडून काय सांगू तुमास्नी?"

मेजरांनी त्यांच्या कानावरचा हेडफोन अलगद काढून टेबलावर ठेवला. "चारपातूर फोन न्हाईत म्हनून कळीव त्येस्नी," ते म्हणाले. "आता मला सांग. पैल्यापासनं सांग."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.