वयाचा दाखला

३० एप्रिल १९२१, शनिवार. खालापूरची कचेरी, बाहेरची पडवी. हजर: आबा, धाकटा भाऊ, आमचे जुने मास्तर, कचेरीतले कारकून आणि मी. आतल्या खोलीत महालकरी.

त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं. बाकीचं मला वहीशिवाय आठवतं.

भाऊ पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन आला होता. भातावर जो करपा पडतो, त्याचा आणखी दोन वर्षं अभ्यास करावा म्हणून तो सरकारी शिष्यवृत्ती मागत होता. अर्ज इंग्रजीत. त्यानं वाचून सांगायचं, मी मराठीत यादी करायची. माझं सासर गावातच, त्यामुळे माहेरचे कागदही माझ्याकडेच असत. माझ्या हातून चूक होत नाही, असा माझा लौकिक होता.

अर्जाबरोबर नऊ कागद जोडायचे होते. दीड महिना आम्ही त्यांच्यामागे होतो. उत्पन्नासाठी तलाठ्याकडे तीन खेपा. वर्तणुकीच्या दाखल्यासाठी कर्जतच्या एका वकिलांच्या ओटीवर दोन दुपारी. वकील झोपेतून उठत, चहा घेत, आणि चहा संपेपर्यंत पक्षकार येऊन बसत. डॉक्टरांनी भावाची छाती तपासली, पण दाखल्यावर तारीख घालायची राहिली. ती घालून घ्यायला पुन्हा कर्जत. एकेक कागद आला की मी यादीतल्या त्याच्या ओळीवर काट मारी. भाऊ उत्साहात असे. मी मात्र तेव्हाच थकले होते. रात्री पाठ टेकली की डोळ्यांपुढे शिक्के येत.

शेवटी एकच ओळ उरली, वयाची. एक जूनला उमेदवाराला पंचवीस पुरी झालेली नसावीत, अशी अट होती. पत्रिकेप्रमाणे भावाला जुलैत पंचवीस पुरी होत होती. शाळेच्या रजिस्टरात मात्र तो एक वर्षानं मोठा होता. अर्ज पुण्याला पोचायची मुदत होती पंधरा मे.

"रजिस्टर खरं धरायचं," कारकून म्हणाले. "पत्रिका काय, जोशीबुवा आज दुपारी नवी करून देतील."

"आमी पोराचं वय कशाला वाढवू?" आबा म्हणाले. "त्याला बोहल्यावर चढवायची का घाई व्हती आमाला?"

भाऊ मास्तरांकडे वळला. "चूक यांची आहे. शंभर पोरांत एक आकडा नीट लिहिता आला नाही."

"गप रं! मास्तर हायेत ते," आबा ओरडले.

कारकुनांना अकराच्या आत काम संपवायचं होतं. ते म्हणाले, "हे बघा, सोपी वाट सांगतो. शाळेत घालताना वय ज्यानं सांगितलं, त्यानं आत जाऊन साहेबांपुढं सांगावं की ते चुकीचं सांगितलं, खरं हे. पाच मिनिटांचं काम आहे. साहेब सोमवारी दौऱ्यावर निघतात, तेव्हा आजच. बोला, कुणी सांगितलं होतं?"

मी सांगितलं होतं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. आबा जंगलखात्यात, महिना-महिना रानात असत. आई शेतावर जायची, त्यामुळे भाऊ माझ्या कडेवर. त्याला सांभाळायचं तर शाळा सोड, असं आईनं सांगितलं होतं. पाच पुरी नसलेल्या पोराला मास्तर शाळेत बसू देत नसत. दिवाळीनंतर एक दिवस मी त्याला तसाच उचलून शाळेत नेला. "किती वर्षांचा गं हा?" मास्तरांनी विचारलं. "पाच पुरी, सहावं लागलं," मी म्हणाले. त्याला चार पुरी होती. तो तरटावर बसला आणि पेन्सिल तोंडात घालून झोपला. मी चौथी पुरी केली.

कचेरीच्या पडवीत मी तोंड उघडलं नाही. आबा शेजारी होते, भाऊ समोर होता, आणि आठ कागदांचं पुडकं माझ्या मांडीवर होतं. चूक न होणारी बाई ती मीच.

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. माझ्याकडे पाहिलं. मग कारकुनांना म्हणाले, "वीस वर्षं झाली, साहेब. माझीच नजरचूक धरा."

"धरा काय? आहेच," भाऊ म्हणाला.

मग सोपी वाट राहिली नाही. मास्तरांची चूक म्हटल्यावर लेखी कबुली हवी, आणि तिच्यावर शाळा तपासणाऱ्या डिपुटींची सही. मास्तरांनी कबुली तिथंच, सुंदर अक्षरात लिहून दिली. निघताना मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते हळूच म्हणाले, "चौथीत तुझा पहिला नंबर होता. आठवतं का गं?"

डिपुटी कर्जतला सापडले नाहीत. कशेळ्याला गेलेत असं कळलं. भाऊ तिथं पोचला तेव्हा ते पुढं निघून गेले होते. सही अकराव्या दिवशी मिळाली, मग महालकऱ्यांना दौऱ्यात गाठून त्यांची सही घेतली. पुडकं मुदतीनंतर दोन दिवसांनी पुण्याला पोचलं आणि एका ओळीच्या पत्रासह परत आलं. पुढच्या वर्षी पत्रिकेप्रमाणेही वय उलटलं होतं.

भाऊ शेतकी खात्यात नोकरीला लागला. दुसरे लोक संशोधन करतात, हा त्यांच्या नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावतो. चिठ्ठ्या चुकत नाहीत. जेवणावळीत कुणी शिक्षणाचा विषय काढला की तो मास्तरांची गोष्ट सांगतो. "एका आकड्यानं माझं आयुष्य गेलं," म्हणतो. लोक हळहळतात, मास्तरांना नावं ठेवतात. मी वाढत असते.

आबा गेले. मास्तर आहेत, कशेळ्याला मुलीकडे असतात, डोळ्यांना दिसत नाही म्हणतात. आता तिकडे कर्जतहून मोटार जाते, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. दर पाडव्याला मी नवी वही घालते आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं तिच्यात उतरवून घेते. यंदाही पहिल्या पानावर, पहिली ओळ तीच आहे: भावाला घेऊन कशेळ्याला जाणे, आणि मास्तरांसमोर त्याला सांगणे. तिच्यावर काट नाही.