कीबोर्डखालचा केर

कीबोर्ड उलटा करून हळूच थोपटला की काय काय पडतं. चुरमुरा, टिकली, शेंगदाण्याचं टरफल, कुणाचं तरी नख. आमच्या क्लासचे किस्सेही असेच साठलेत. एक काढायला जावं तर चार पडतात.

सांगलीत कॉलेज संपवून आले आणि विट्याजवळच्या आमच्या गावात बायकांसाठी फुकट कंप्युटर क्लास काढायचा हट्ट धरला. पंचायतीचं ‘बघू, करू’ ऐकून डोकं फिरलं, तेव्हा गावच्याच भाऊंना गाठलं. भाऊंचं चेन्नईला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं. फरशीवरचा केरसुद्धा हा माणूस पोत्यात भरून ठेवतो, त्यातूनही सोनं काढतो. दुकानातले चार जुने कंप्युटर त्यांनी दिले आणि बजावलं, “यात्रेला आलो की बघनार. घान दिसली तर उचलून नेनार.”

यात्रा तोंडावर आली आणि मी सफाई काढली.

*

मी सांगितलं, “आधी कंप्युटर बंद, मग कीबोर्डची वायर काढा. मऊ ब्रश फिरवा. मग किंचित ओलं फडकं.”

क्लासला येणाऱ्या सुनंदाकाकू म्हणाल्या, “ओलं म्हंजे कसं गं? फरशी पुसतो तसं, का लेकराचं नाक पुसतो तसं?”

“नाक पुसतो तसं.”

थोड्या वेळानं बघते, तर काकू एकेक बटण फडक्याच्या टोकात धरून म्हणतायत, “शिंकर.”

*

काकूंच्या मालकांची द्राक्षबाग. फटीतली धूळ निघेना म्हटल्यावर ते ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअरच दारात घेऊन आले.

मी दारात आडवी उभी राहिले. काकू आतूनच ओरडल्या, “आवं, बटनांवर काय द्राक्षावानी भुरी पडलीया?”

*

बायकांच्या क्लासमध्ये एकच पुरुष, सुभेदार तात्या. फौजेतून रिटायर झालेले. रायफल साफ करावी तशी त्यांनी सगळी बटणं काढून चादरीवर मांडली.

“तात्या, आधी फोटो काढायचा. कुठलं कुठं होतं ते कळायला.”

“फौजीला फोटो लागत न्हाई.”

संध्याकाळी कीबोर्ड चकाचक. वरच्या ओळीत ए, बी, सी, डी. खाली पुढची अक्षरं, ओळीनं झेडपर्यंत.

“कुनी लावलं हुतं गं आदी? शिस्त म्हनून न्हवती,” तात्या म्हणाले.

मी बटणं परत लावायला घेतली, तर “आता कुटं अक्षरं सापडाया लागली” म्हणत बायका माझ्यावरच धावून आल्या. शेवटी कंप्युटरमध्येच अक्षरांच्या जागा तशा बदलून दिल्या. आजही त्या कीबोर्डसाठी भांडणं होतात.

*

यात्रेला भाऊ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. प्रत्येक कीबोर्डवर बोट फिरवलं. उलटा केला, थोपटला. काहीच पडलं नाही. भाऊंचा चेहरा मात्र पडला. तात्यांचा कीबोर्डसुद्धा त्यांनी अक्षरांकडं न बघताच खाली ठेवला.

“आतनं साफ केलं?”

“एकूनएक बटन काढून,” तात्या ताठ उभे राहून म्हणाले.

“आन् निघालेलं कुटं हाय?”

काकूंनी खिडकीतून बोट दाखवलं. “उकिरड्यावर.”

भाऊ खाली वाकून पँट दुमडायला लागले. क्लास गेला, एवढंच माझ्या डोक्यात.

“भाऊ, कंप्युटर नेणार का?”

“ते कशाला? दिलं म्हंजे दिलं,” भाऊ दाराकडं निघाले. “काकू, पिठाची चाळन आना. कंप्युटर दिलं हुतं मी. दुकानातला केर न्हवता दिला.”