पायातून गेलेली वीज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते कळेलच तुम्हाला.

वडील गेल्यावर मला दादानं वाढवलं. किन्हवलीची शेती एकट्यानं ओढली आणि मला सातवीपर्यंत शिकवलं. माझं लग्न ठरलं त्या वैशाखात त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती. मधुमेहानं पायाची जाणीवच गेलेली — बाभळीचा काटा आत मोडला तरी त्याला कळलं नव्हतं. "दुखत नाय, मंग रोग कसला?" म्हणायचा. शहापूरच्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढायला ठाण्याला पाठवलं. मी सोबत गेलो. हळद तोंडावर आली होती.

फोटो निघाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. फोटो खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्याचं हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं दिसत होतं. अंगठा कापावा लागेल, म्हणाले, आजच ठेवून घेतो. उशीर केलात तर पाय जाईल, कदाचित माणूसही. तुम्ही शिकलेले आहात, समजावून आत आणा.

आणतो म्हणून मी बाहेर आलो. दादा बाकावर बसला होता — किती खुशीत! यंत्रातली वीज पायातून गेली, तोच उपचार, असं त्याला वाटलं होतं.

"झालं ना रे?"

दादा इथं राहिला तर लग्न लांबणार. मग पावसाळा, चातुर्मास — तोवर मुरबाडची मुलीकडची माणसं थांबतील? एवढंच माझ्या डोक्यात होतं. घाबरलो होतो असं म्हणू का? नाही. मला घाई होती.

"झालं," मी म्हणालो. "चल घरी."

वरातीत दादा सगळ्यांच्या पुढे नाचला. दुखत नव्हतं ना! "ठाण्याला वीज मारून आलू पायात," व्याह्यांना सांगत होता, "तुमी पन जा, कापाकापी काय नाय!" पायावरचं फडकं ओलं झालेलं मी पाहिलं — आणि नजर वळवली.

भाताची लावणी आली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. त्याला कुठं नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"त्या विजेचा गुन उतरला वाटतं," तो तापात म्हणाला. "परत एकदा नेशील ना रे?"

"नेतो, दादा."

बायको त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं — असा भाऊ कुणाला मिळतो, अशा नजरेनं.

अजूनही ती माझ्याकडे तसंच पाहते.